दंडाचं हाड खांद्यात मोडलं तर सांधा बदलावा लागतो का? कोणाला लागतो, कोणाला नाही आणि किती दिवसांत ठरवावं?

बीड : दिवाळी झाली की जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या आणि तांडे निम्मे रिकामे होतात. कोयते ट्रॅक्टर-ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळकरी नातवंडं आणि दावणीची जनावरं. पुढचे चार-पाच महिने भाकरी, पाणी, धार, नातवंडांचा डबा हे सगळं आजीच्या दोन हातांवर चालतं. त्यातला एक हात मोडला की घरच थांबतं.

आणि हात मोडायला फार मोठा अपघात लागत नाही. मोरीत शेवाळावर पाय घसरतो, रात्री लघवीला उठल्यावर अंधारात उंबऱ्याला ठेच लागते, म्हशीनं दाव्याला हिसडा दिला की तोल जातो. मोटारसायकलवर मागं एका अंगाला बसलेली बाई गतिरोधकावर उडून खाली येते, हेही आता नेहमीचंच झालंय. पडताना माणूस हात टेकतो किंवा थेट खांद्यावर आपटतो. तरण्या माणसाला मुका मार लागून सुटतं. साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाचं दंडाचं हाड मात्र वरच्या टोकाला, म्हणजे खांद्याच्या सांध्यातच तुटतं. म्हातारपणी मोडणाऱ्या हाडांत खुबा आणि मनगट यांच्या खालोखाल याच हाडाचा नंबर लागतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत ते जास्त दिसतं.

पूर्वी अशा माणसाचा हात गळ्यात बांधून ठेवायचे आणि "आता या वयात काय करायचं" म्हणून सोडून द्यायचे. आता तालुक्याच्या दवाखान्यातही "प्लेट टाकू", "सांधा बदलावा लागेल" असं कानावर पडतं. कोणी घाबरून पेशंट घरी घेऊन जातं, तर कोणी मुकादमाकडून आणखी उचल घेऊन ऑपरेशनला तयार होतं. दोन्ही निर्णय कधी बरोबर असतात, कधी साफ चुकीचे. ते कशावर ठरतं, हे माहीत असलेलं बरं.

पहिल्या दिवशी काय करायचं

हात कोपरात वाकवून पोटाशी धरायचा आणि ओढणीनं, टॉवेलनं किंवा जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधायचा. काखेत सुती कापडाची पातळ घडी ठेवली की घाम साचून कातडी सोलत नाही. त्याच हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठी लगेच काढायची. तासाभरात सूज उतरत बोटांपर्यंत येते आणि मग अंगठी कापावी लागते. बांगडी काढायला नको वाटत असेल तर ती दुसऱ्या हातात घालावी, पण मोडलेल्या हातात ठेवू नये. खांद्याला कपड्यात गुंडाळून बर्फ लावता येतो. गरम शेक, चोळणं, तेल-हळद लावून रगडणं अजिबात नको.

बीड जिल्ह्यात अजूनही कित्येक घरांत पहिला फोन हाडवैद्याला जातो. बोटाचं किंवा मनगटाचं साधं दुखणं त्याच्याकडं बरं झालेलं असतं, म्हणून विश्वास असतो. पण खांद्यात मोडलेलं हाड ओढून "बसवता" येत नाही. तिथून काखेतून मोठी रक्तवाहिनी आणि हाताच्या सगळ्या नसा जातात. तुटलेल्या हाडाची टोकं चाकूसारखी असतात. ओढाताणीत ती सरकली की साधं फ्रॅक्चर अवघड होऊन बसतं. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या तर हाताचा रक्तपुरवठा अडकायचीही भीती असते.

हात थंड आणि पांढरा-निळा पडला, मनगटाची नाडी लागेना, बोटं किंवा मनगट उचलता येईना किंवा जखमेतून हाड दिसत असेल, तर त्याच घटकेला १०८ ला फोन करावा. ही थांबायची वेळ नाही. हे काही नसेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रे काढता येईल अशा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं.

एका गोष्टीनं मात्र माणसं उगाच घाबरतात. तीन-चार दिवसांनी दंड, कोपर, कधी छातीची बाजूसुद्धा काळी-निळी पडते. "विष चढलं", "रक्त सडलं" असं शेजारीपाजारी म्हणायला लागतात. खरं तर तुटलेल्या हाडातून निघालेलं रक्त कातडीखालून खाली उतरलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप जिरतं.

मोडतं म्हणजे नेमकं काय

खांद्याचा सांधा बशीवर लिंबू ठेवावा तसा असतो. लिंबू म्हणजे दंडाच्या हाडाचं गोल डोकं आणि बशी म्हणजे पाठीकडच्या चपट्या हाडाची, खवाट्याची उथळ खळगी. बशी उथळ आहे म्हणून तर हात सगळीकडं फिरतो. लिंबू जागेवर धरून ठेवायचं काम भोवतालचे चार छोटे स्नायू करतात आणि त्यांच्या दोऱ्या डोक्याच्या बाजूला असलेल्या दोन उंचवट्यांना बांधलेल्या असतात. या सगळ्यावरून गोधडीसारखा पांघरलेला मोठा स्नायू म्हणजे खांद्याचा बाहेरचा गोल भाग. त्याला डॉक्टर डेल्टॉइड म्हणतात. हे नाव लक्षात ठेवावं, पुढं लागणार आहे.

पडल्यावर हाड या जागी चार तुकड्यांत फुटू शकतं : गोल डोकं, मोठा उंचवटा, छोटा उंचवटा आणि खालचा दांडा. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स नीर यांनी १९७० साली याच चार तुकड्यांवरून फ्रॅक्चरचे प्रकार पाडले आणि आजही डॉक्टर तेच बोलतात. "टू पार्ट", "थ्री पार्ट", "फोर पार्ट" असं रिपोर्टवर लिहिलेलं असतं ते हेच. त्यांचा नियम असा की तुकडा एक सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त वाकला, तरच तो वेगळा झाला असं मोजायचं. नुसती भेग दिसली म्हणून फोर पार्ट होत नाही. साध्या एक्स-रेत चित्र नीट कळत नसेल तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. ऑपरेशन करायचं की नाही असा प्रश्न असेल तेव्हा हा खर्च वाया जात नाही.

बहुतेकांना गळ्यातली पट्टीच पुरते

खांद्यात हाड मोडलेल्या दहा माणसांपैकी बऱ्याच जणांचे तुकडे फारसे सरकलेले नसतात. त्यांना ना प्लेट लागते, ना सांधा. दोन-तीन आठवडे हात गळ्यात, मग हळूहळू व्यायाम. साधारण सहा ते आठ आठवड्यांत हाड धरतं, काहींना जरा जास्त लागतात. पहिले पंधरा दिवस मात्र कठीण जातात. आडवं झोपलं की तुकडे हलतात आणि कळ येते, म्हणून बाजेवर पाठीमागं उशा, गोधड्या रचून अर्धवट बसूनच झोपावं लागतं. वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच घ्याव्यात. मेडिकलवरून परस्पर घेतलेल्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या पोटाला आणि किडनीला त्रास होतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती यानंतर. हाड जुळावं म्हणून हात दोन-दोन महिने बांधून ठेवतात. हाड जुळतं खरं, पण खांदा आखडून लाकडासारखा होतो. बोटं, मनगट आणि कोपर तर पहिल्या दिवसापासून हलवायचं असतं. डॉक्टरांनी हो म्हटलं की, साधारण आठ-पंधरा दिवसांनी, टेबलाला किंवा भिंतीला चांगला हात टेकून वाकायचं आणि मोडका हात खाली सैल सोडून विहिरीत सोडलेल्या दोरासारखा गोल फिरवायचा. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं. एवढ्या साध्या व्यायामावर पुढचा हात अवलंबून असतो. दर वेळी तालुक्याला फिजिओथेरपीला जाणं जमत नसेल तर एकदा नीट शिकून घ्यावं आणि नातवानं मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवावा. घरी बघून बघून करता येतं.

तुकडे बऱ्यापैकी सरकलेत तरी ऑपरेशनच हवं असंही नाही. ब्रिटनमध्ये सरकारी दवाखान्यांतल्या अशा २५० रुग्णांचे दोन गट करून एका गटाचं ऑपरेशन केलं आणि दुसऱ्याचा हात नुसता गळ्यात बांधला. २०१५ साली त्याचा निकाल आला. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हातांत लक्षात येण्यासारखा फरक नव्हता. या पाहणीचं नाव प्रोफर. तेव्हापासून जगभरातले हाडाचे डॉक्टर अशा फ्रॅक्चरला चाकू लावण्याआधी जास्त विचार करू लागले. अर्थात, ज्यांचं ऑपरेशन करणं भागच आहे असे रुग्ण त्या पाहणीत घेतलेले नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग सांधा कोणाला लागतो

जिथं गोल डोकं पूर्ण सुटून पडलंय, दोन्ही उंचवटे वेगळे झालेत, डोक्याचेच तुकडे झालेत किंवा डोकं बशीतून निसटून बाहेर आलंय, तिथं गोष्ट वेगळी असते. डोक्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटलेल्या असतात. असं डोकं जागेवर बसवलं तरी पुढच्या वर्ष-दोन वर्षांत आतून सुकून बसायची भीती राहते.

तरण्या माणसात डॉक्टर तरीही प्लेट आणि स्क्रू लावून मूळचं हाड वाचवायचा प्रयत्न करतात आणि ते योग्यच आहे. कारण कृत्रिम सांध्याला आयुष्य असतं, झीज असते आणि शेतात राबणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला तो पुरणारा नाही. सत्तरीच्या आजीचं हाड मात्र आतून पोकळ, खारीसारखं भुसभुशीत झालेलं असतं. त्यात स्क्रू धरत नाही. डोकं खाली बसलं की स्क्रूचं टोक डोक्यातून आरपार सांध्यात घुसतं आणि बशी खरवडत राहतं. मग प्लेट काढायला दुसरं ऑपरेशन. म्हणून थोराड वयात, हाड ठिसूळ, तीन-चार तुकडे आणि तरी माणूस हिंडता-फिरता, स्वतःचं स्वतः करणारा असेल, तर सांधा बदलायचा विचार पुढं येतो.

सांधा बदलण्याचेही दोन प्रकार आहेत. जुना प्रकार म्हणजे अर्धा सांधा. फुटलेलं डोकं काढून तिथं धातूचं डोकं बसवायचं, बशी तशीच. नीर यांनीच १९५० च्या दशकात हे फ्रॅक्चरसाठी सुरू केलं. दुखणं याने कमी होतं, पण हात वर जाईल की नाही हे ते दोन उंचवटे धातूभोवती पुन्हा जुळण्यावर ठरतं. ठिसूळ हाडात ते कित्येकदा जुळतच नाहीत. मग सांधा बसवूनही हात छातीच्या वर जात नाही आणि पैसे देऊन काय मिळालं असं घरच्यांना वाटतं.

दुसरा प्रकार उलटा सांधा, म्हणजे डॉक्टर ज्याला रिव्हर्स म्हणतात तो. यात निसर्गाची मांडणीच उलटी करतात. बशीच्या जागी, खवाट्याला, धातूचा गोळा स्क्रूनं पक्का बसवतात आणि दंडाच्या हाडात सळई घालून तिच्यावर वाटी ठेवतात. लिंबाच्या जागी बशी आणि बशीच्या जागी लिंबू. हे कशासाठी? पहारीनं दगड उचलताना टेकू योग्य जागी सरकवला की कमी जोरात दगड उठतो. तसंच सांध्याचा टेकू आत आणि खाली सरकतो, मघाचा तो डेल्टॉइड ताणला जातो आणि तुटलेल्या छोट्या स्नायूंवाचूनही तो एकटा हात वर उचलू शकतो. म्हणजे उंचवटे जुळले तर उत्तमच, नाही जुळले तरी हात अगदीच लुळा राहत नाही.

ही कल्पना फ्रान्समधल्या दिजाँ गावचे डॉक्टर पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास वापरात आणली. सुरुवातीला ती फ्रॅक्चरसाठी नव्हतीच. खांद्याच्या दोऱ्या झिजून तुटलेल्या, सांधा संधिवातानं गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी होती. अमेरिकेत तिला सरकारी परवानगी मिळाली २००३ साली. फ्रॅक्चरला तिचा वापर त्यानंतर वाढला. खांद्यात कृत्रिम सांधा घालायचा पहिला प्रयोग मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८९३ साली पॅरिसमध्ये ज्यूल पेयाँ यांनी केला होता. टीबीनं खाल्लेल्या हाडाच्या जागी प्लॅटिनम आणि रबर! दोनेक वर्षांत पू झाला आणि तो काढावा लागला. तेव्हा अँटिबायोटिक कुठं होतं?

नॉर्वेत ६५ ते ८५ वर्षांच्या १२४ रुग्णांवर प्लेट आणि उलटा सांधा यांची तुलना झाली. हाड बरंच सरकलेल्या या रुग्णांत दोन वर्षांनी उलटा सांधा घातलेल्यांचा हात जास्त चांगला चालत होता. तो निकाल २०२० चा. दुसरीकडं स्पेनमध्ये ऐंशीच्या पुढच्या रुग्णांत उलटा सांधा आणि नुसती पट्टी यांची तुलना केली, तर वर्षभरानंतर फायदा अगदी थोडा निघाला. म्हणजे प्लेट की सांधा असा प्रश्न असेल तर म्हाताऱ्या माणसात सांध्याचं पारडं जड आहे. पण सांधा की पट्टी असा प्रश्न असेल, तर वय, प्रकृती आणि त्या हातानं पुढं काय काय करायचंय हे बघूनच ठरवावं लागतं. "ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नये. चांगला डॉक्टर त्याचं सरळ उत्तर देतो.

"पोरगा फडावरून आल्यावर बघू"

गावाकडं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं. पोरगा-सून सांगली-कोल्हापूरकडं किंवा बेळगावच्या बाजूला. टोळी मधेच सोडता येत नाही, उचल फिटलेली नसते. आजीही म्हणते, कशाला त्यांचा हंगाम मोडायचा. हात गळ्यात बांधून ती तशीच पाडव्यापर्यंत बसते.

सांधा बदलायचाच असेल तर पहिले दोन आठवडे सगळ्यात चांगले असतात. तीन-चार आठवड्यांपर्यंतही जमतं. त्यानंतर तुकडे वेडेवाकडे चिकटतात, स्नायू आखडतात, उंचवटे ओळखूसुद्धा येत नाहीत. चार महिन्यांनी सांधा घालता येतो, पण ऑपरेशन अवघड होतं, धोका वाढतो आणि हात कमी उठतो. म्हणून पोरगा येईपर्यंत ऑपरेशन थांबवायचं की नाही हे नंतरचं. हाडाच्या डॉक्टरला दाखवणं आणि एक्स-रे मात्र पहिल्या आठवड्यातच झाला पाहिजे. एक्स-रेचा स्वच्छ फोटो काढून मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि डॉक्टरांशी त्याचं फोनवर बोलणं करून दिलं, तर तो फडावर बसूनही निर्णयात भाग घेऊ शकतो. पट्टीवर भागणार असं ठरलं तरी आठ-दहा दिवसांनी दुसरा एक्स-रे काढावा लागतो. पहिल्यांदा जागेवर दिसलेला तुकडा नंतर सरकू शकतो. हा दुसरा एक्स-रे बहुतेकांचा राहून जातो.

घाई करू नये हेही तितकंच खरं. नाडी आणि हाताचा रक्तपुरवठा ठीक असेल, हाड बाहेर आलेलं नसेल, सांधा निसटलेला नसेल, तर "आत्ताच्या आत्ता पैसे भरा, नाहीतर हात जाईल" असं नसतं. शुगर, बीपी, हृदय तपासायला, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला आणि योजनेची कागदपत्रं करायला तीन-चार दिवस मिळतात. ते वापरावेत.

ऑपरेशनला आणि नंतर

पूर्ण भूल देतात आणि जोडीला मानेजवळ सुई देऊन हात बधिर करतात. त्यानं ऑपरेशननंतरची पहिली रात्र सुसह्य जाते. खांद्याच्या पुढच्या बाजूनं चीर घेतात. दवाखान्यात साधारण तीन-चार दिवस, टाके दोन आठवड्यांनी निघतात, हात गळ्यात चार ते सहा आठवडे. तीन महिन्यांनी हलकी कामं जमू लागतात आणि पुढं वर्षभर हात सुधारत राहतो.

हात पुन्हा पहिल्यासारखा होईल का? नाही होणार, आणि हे आधीच माहीत असावं. दुखणं बहुतेकांचं खूप कमी होतं. जेवण, केस विंचरणं, डोक्यावर पदर घेणं, पोळपाटापाशी बसून भाकरी थापणं, फळीवरचा डबा काढणं हे होऊ शकतं. उलट्या सांध्यात हात पाठीमागं नेणं मात्र अवघड जातं. नऊवारीचा काष्टा खोचणं, पाठ चोळणं, संडासनंतर त्याच हातानं धुणं यात अडचण येते. उजवा हात असेल तर हा विचार आधी करावा. कित्येक बायका नंतर काष्ट्याऐवजी सहावारी नेसू लागतात. भरलेली घागर डोक्यावर चढवणं, खताचं पोतं उचलणं, हिसडा मारणाऱ्या जनावराचं दावं त्या हातानं धरणं कायमचं बंद. खाटेवरून किंवा खुर्चीवरून उठताना त्या हातावर भार देऊन रेटायचं नाही, पहिल्या तीन महिन्यांत तर मुळीच नाही. त्यानं सांधा निखळू शकतो.

धोके कमी असले तरी आहेत. जंतुसंसर्ग सगळ्यात वाईट. काखेच्या कातडीत राहणारे काही जंतू महिनोन्‌महिने गुपचूप बसतात आणि नंतर सांधा दुखू लागतो. शुगर वाढलेली असेल, कुठं फोड-जखम असेल, तंबाखू-मिश्री चालू असेल तर हा धोका वाढतो. मिश्री दातांना लावण्याची वस्तू असली तरी ती तंबाखूच आहे आणि हाड जुळण्यात ती आडवी येते. डेल्टॉइडला हलवणारी नस दुखावली जाऊ शकते. ती मूळ अपघातातही दुखावलेली असते, म्हणून ऑपरेशनच्या आधीच खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का हे डॉक्टरांनी तपासलेलं असावं आणि कागदावर लिहिलेलं असावं. ती नस पूर्ण गेली असेल तर उलटा सांधा उचलायला कोणी उरत नाही. नंतर ताप, जखमेतून पाणी, खांदा अचानक खाली लोंबलेला दिसणं यातलं काहीही झालं तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडंच आधी जावं.

पैसा, कार्ड आणि कागद

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचं जिल्हा रुग्णालय इथं हाडाचे विभाग आहेत. आष्टी-पाटोद्याकडच्यांना अहिल्यानगर जवळ पडतं, गेवराईकडच्यांना छत्रपती संभाजीनगरची घाटी. खांद्याचा सांधा बदलणं ही गुडघा-खुब्यासारखी रोजची गोष्ट नाही. म्हणून कुठंही गेलं तरी "असे खांदे तुम्ही किती केलेत?" हे नम्रपणे विचारावं. ग्रामीण भागात डॉक्टरला असं विचारायला माणसं कचरतात, पण यात उद्धटपणा काही नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यासाठी आधार कार्ड पुरतं. हे कार्ड हाड मोडायच्या आधीच काढून ठेवलेलं बरं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आपल्या एक्स-रेवर सांगितलेलं नेमकं ऑपरेशन आणि नेमका सांधा त्या दवाखान्यात योजनेत बसतो का, हे त्याच्याकडून भरती होण्याआधी ठरवून घ्यावं. "फ्रॅक्चर योजनेत आहे" एवढ्यावर विसंबू नये. फुले योजनेची हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानची १४५५५.

खासगीत करायचं तर अंदाजपत्रक लेखी मागावं. त्यात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगावी, कारण खर्चाचा मोठा वाटा तोच असतो. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला सरकारनं २०१७ साली कमाल मर्यादा घातली, पण तो आदेश गुडघ्यापुरताच होता. भारतात बनलेले सांधेही मिळतात, परदेशीच हवा असं काही नसतं. सांध्याच्या खोक्यावरचं स्टिकर, ज्यावर कंपनी आणि नंबर असतो, ते डिस्चार्जच्या फाइलला चिकटवून घ्यावं. दहा-पंधरा वर्षांनी सांध्याला काही झालं तर डॉक्टरला आधी तेच लागतं.

हाड इतकं ठिसूळ झालंच कसं

उभ्या उंचीवरून पडून खांदा मोडला, म्हणजे हाडं आधीच झिजलेली होती. बीड जिल्ह्यात याला एक वेगळी बाजू आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रकरणात २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यात चाळिशीच्या आतल्या बायका पुष्कळ होत्या.

त्या वेळी चर्चा झाली ती दवाखान्यांची, पैशाची, पाळीत खाडा पडला की कापल्या जाणाऱ्या मजुरीची. हाडांबद्दल फारसं कोणी बोललं नाही. बाईच्या हाडांचा मजबूतपणा अंडाशयातून येणाऱ्या संप्रेरकावर टिकतो. पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील तर ते संप्रेरक त्या दिवशीच बंद होतं आणि हाडांची झीज पन्नाशीऐवजी पस्तिशीतच सुरू होते. अंडाशय ठेवली असली तरी ती पुढं लवकर थकू शकतात. म्हणजे पस्तिशीत ऑपरेशन झालेल्या बाईची हाडं पंचावन्न-साठीत तिच्या सासूच्या हाडांसारखी असू शकतात. त्या पाहणीतल्या बायका आता एकेक करून त्या वयाकडं सरकताहेत. ऊस तोडायच्या, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायच्या कामात पडायचे प्रसंगही कमी नसतात.

ज्यांची पिशवी लवकर काढली आहे त्यांनी डिस्चार्जचा कागद शोधून अंडाशय काढली होती का हे बघून घ्यावं आणि पुढं कधीही डॉक्टरकडं गेल्यावर ते आपणहून सांगावं. डेक्सा नावाच्या तपासणीत हाडांची घनता कळते. ती सगळीकडं होत नाही, पण एक हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसात बऱ्याचदा तिच्यासाठी न थांबताही डॉक्टर औषध सुरू करतात. आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन असे पर्याय आहेत. इंजेक्शन वर्षाचं असल्यानं हंगामाला जाणाऱ्या बायकांना सोयीचं पडतं. त्याआधी किडनीची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची भरती करून घ्यावी लागते, दातांचं मोठं काम असेल तर तेही उरकावं लागतं. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीनं ठिसूळ हाड परत भरत नाही. दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला आणि ऊन हवंच, पण औषधाच्या जोडीला.

खांदा मोडलेल्या माणसाचा पुढचा नंबर खुब्याचा लागण्याची शक्यता बरीच वाढलेली असते, आणि खुबा मोडला की माणूस अंथरुणालाच खिळतो. म्हणून टाके काढायला जाल त्याच फेरीत हाडांच्या औषधाचं विचारावं, डोळ्यात मोतीबिंदू असेल तर त्याची तारीख घ्यावी, मोरीतलं शेवाळ घासून काढावं आणि उंबऱ्यापाशी रात्रभर एक दिवा चालू ठेवावा.